तांब्याचा नळ आणि त्याचा सांधा

कैरोच्या नैर्ऋत्येस, नाईल नदीच्या पश्चिमेकडील वाळवंटाच्या कडेला, अबूसिर नावाचे एक ठिकाण आहे. तेथे पाचव्या राजवंशातील साहुरे या राजाचा पिरॅमिड आणि त्याला लागून बांधलेले मंदिर आज भग्नावस्थेत उभे आहे. लूडविग बोरखार्ट या जर्मन पुरातत्त्वज्ञाने १९०७ आणि १९०८ या वर्षांत त्या मंदिराचे उत्खनन केले, तेव्हा भिंतींवरील शिल्पपटांनी इतिहासकारांना जितका आनंद दिला, तितकाच अचंबा स्थापत्यविशारदांना फरसबंदीखाली सापडलेल्या एका साध्या जिनसेने दिला. तो होता तांब्याचा नळ. मंदिरातील विधींचे पाणी दगडी कुंडांत साठे, कुंडांच्या तळाची भोके शिशाच्या बुचांनी बंद केलेली असत, आणि बूच उपसले की ते पाणी जमिनीखालच्या तांब्याच्या नळाने मंदिराबाहेर दूरवर वाहून जाई. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी तांबे ठोकून सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा केला होता, तो वळवून त्याची नळी केली होती, आणि पत्र्याच्या कडेवर कड चढवून ती हातोडीने दाबून बसवली होती. डाख नाही, झाळ नाही. मग तो सांधा गळत नसे काय? गळत असलाच पाहिजे. परंतु नळ दगडात कोरलेल्या पन्हळीत बसवून वरून गिलाव्याने बुजवलेला होता, पाणी उतारावरून आपल्याच वजनाने वाहत होते, आणि त्या वाहण्याला दाब असा नव्हता. सांध्याची उणीव दगडाने भरून काढली होती.

या नळाचा उल्लेख करून तांब्याच्या नळकामाची परंपरा पिरॅमिडांच्या काळापासून अखंड चालत आली आहे, असे अभिमानाने सांगण्याचा प्रघात तांब्याच्या कारखानदारांत आहे. त्या अभिमानात व्यापाराचा अंश बराच आणि इतिहासाचा थोडा. वस्तुस्थिती अशी आहे की, साहुरेच्या मंदिरानंतर चार सहस्रकांहून अधिक काळ मनुष्याने तांब्याची भांडी घडवली, नाणी पाडली, जहाजांचे तळ तांब्याने मढवले, राजवाड्यांची छपरे तांब्याने शाकारली; पण घराघरांत पाणी पोहोचविण्याचे काम त्याने मातीकडे, लाकडाकडे, शिशाकडे आणि शेवटी लोखंडाकडे सोपवले. तांबे महाग होते हे एक कारण खरे. त्याहून मोठे कारण असे की, दाबाखालचे पाणी अडवून धरील असा तांब्याचा सांधा स्वस्तात आणि हमखास कसा करावा, हे विसाव्या शतकापूर्वी कोणालाच साधले नव्हते. नळकामाचा खरा इतिहास म्हणजे सांध्यांचा इतिहास होय, असे माझे मत आहे. नळ कोणत्या धातूचा करावयाचा हे बहुतेक वेळा सांध्यानेच ठरवले आहे.

रोमन लोकांनी शिसे पसंत केले ते याच कारणाने. शिशाचा पत्रा हाताने वळतो, मंद आचेवर वितळतो, आणि स्वतःच स्वतःचा सांधा बुजवतो. व्हिट्रुव्हियस या स्थापत्यकाराने शिशाचे नळ दहा फुटांहून कमी लांबीचे ओतू नयेत असा दंडक सांगितला, आणि वळवण्यापूर्वी पत्रा जितके अंगुळे रुंद असेल त्यावरून नळाचे नाव ठरविण्याचा शिरस्ताही नमूद केला. पण त्याच ग्रंथकाराने शिसे प्रकृतीला अपायकारक असून मातीच्या नळांतले पाणी अधिक आरोग्यदायी असते, असेही स्पष्ट लिहून ठेवले आहे. मातीच्या नळांचे सांधे तेलात मळलेल्या कळीच्या चुन्याने लिंपावेत, असे सांगून तो पुढे एक तोड सुचवतो, ती मला फार मार्मिक वाटते: नव्या नळांत पहिल्यांदा पाणी सोडताना त्यात राख टाकावी, म्हणजे जेथे लिंपण अपुरे पडले असेल तेथे पाण्याबरोबर राख आपण होऊन शिरेल आणि छिद्र बुजवील. गळतीची जागा कारागिराने शोधावयाची नाही. गळणाऱ्या पाण्यानेच ती शोधावी, अशी ही तजवीज आहे.

महाराष्ट्राला ही विद्या अपरिचित नव्हती. अहमदनगरच्या निजामशाहीत शहराबाहेरून वाड्यांत आणि बागांत पाणी आणण्यासाठी खापरी नळ घातले गेले, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, या गावाला नहरीचे पाणी दिले. पक्क्या भाजलेल्या मातीचा एक नळ दुसऱ्याच्या तोंडात बसवून वरून चुन्याने जखडण्याची ही पद्धत, आणि मध्ये मध्ये उंच मनोरे उभारून नळातली कोंडलेली हवा व पाण्याचा जादा दाब मोकळा करण्याची युक्ती, ही दोन्ही एकाच चिंतेतून निघालेली आहेत. सांधा जितका दाब सोसू शकतो तितकाच दाब नळात ठेवावयाचा. सांधा बळकट करणे शक्य नसेल, तर पाण्याला नरम करावयाचे!

मध्ययुगीन आणि अर्वाचीन युरोपात शिशाचेच राज्य चालू राहिले. लंडनच्या नळकारागिरांच्या श्रेणीला १३६५ मध्ये नियमावली मिळाली, आणि १६११ मध्ये पहिल्या जेम्स राजाने सनद दिली; त्या नियमावलीनुसार श्रेणीतील जाणत्या माणसांची संमती असल्याशिवाय कोणी या कामाला हात लावू नये, असा बंदोबस्त होता. हा बंदोबस्त निव्वळ मक्तेदारी राखण्यासाठी नव्हता, हे त्या लोकांचा सांधा कसा केला जाई ते पाहिले म्हणजे ध्यानात येते. शिशाच्या एका नळाचे तोंड शंकूच्या आकाराच्या लाकडी खुंटीने रुंद करीत. दुसऱ्याचे टोक कानशीने निमुळते करून त्यात बसवीत. सांध्यापासून थोड्या अंतरावर दोन्ही बाजूंना काजळी आणि सरस यांचे काळे मिश्रण फासत, म्हणजे त्या हद्दीपलीकडे डाख चिकटू नये. मधला भाग खरवडून लखलखीत केला की त्यावर लगेच चरबी चोळावयाची, कारण उघड्या शिशावर हवेने साय धरण्यास वेळ लागत नाही. मग एक भाग कथील आणि दोन भाग शिसे अशा मिश्रणाचा रस पळीने थोडा थोडा ओतीत, नळ तापत जाई, आणि डाख लोण्याइतकी मऊ झाली की चरबीत भिजवलेली जाड कापडाची घडी हातात घेऊन कारागीर ती सांध्याभोवती फिरवून पुसून काढी.

या पुसण्यात सारे कसब होते. हे मिश्रण १८३ अंशांपासून सुमारे २५० अंशांपर्यंत धड घन नसते आणि धड द्रवही नसते, आणि त्या अर्धवट अवस्थेचे जे थोडे क्षण मिळतात तेवढ्यातच हाताने त्याला आकार द्यावा लागतो. उष्णता अधिक झाली तर सारा रस खाली गळून पडे, कमी झाली तर खडबडीत गोळा होऊन आत पोकळी राही. उत्तम साधलेला सांधा मोठ्या जांभळासारखा मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता दिसे, आणि त्यावर कापडाचा एकही ओरखडा नसावा अशी जुन्या उस्तादांची अपेक्षा असे. उमेदवारीची कित्येक वर्षे या एका हातोटीत जात. तो सांधा शतकानुशतके टिके, ही गोष्ट निर्विवाद आहे. त्यातून वाहणारे पाणी कोणाच्या पोटात काय नेई, ही गोष्ट निराळी. मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी शिसे विरघळवते, आणि १८८०च्या दशकात शेफील्डसारख्या शहरात दलदलीच्या माळावरून आलेल्या पाण्याने नागरिकांना शिशाची विषबाधा झाली, तेव्हा या सुबक सांध्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली.

रस्त्याखालच्या मोठ्या नळांचा प्रश्न याआधीच वेगळ्या वाटेने सुटला होता. बिडाचा नळ ओतताना एका टोकाला रुंद तोंड ठेवावयाचे, दुसऱ्या नळाचे टोक त्यात घालावयाचे, फटीत सणाचा दोर ठासून त्यावर शिशाचा रस ओतावयाचा आणि तो थंड झाल्यावर छिन्नीने ठोकून घट्ट करावयाचा. लंडनच्या चेल्सी जलपुरवठ्याचा अभियंता टॉमस सिम्सन याने १७८५ मध्ये हा सांधा प्रचारात आणला. मुंबईला हेन्री कॉनिबेअरच्या योजनेनुसार १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मिळाले, तेही अशाच बिडाच्या नळांतून. परंतु हे झाले रस्त्याचे. भिंतीतून, मोरीतून, स्वयंपाकघरातून फिरणाऱ्या बोटाएवढ्या नळाला बीड उपयोगाचे नव्हते.

येथे मराठी वाचकाच्या मनात आपल्या तांबटांचा विचार येणे साहजिक आहे. पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी पेशवाईच्या आश्रयाने भरभराटीस आली. तेथे मठारकामाचे ठोके दिवसभर घुमत, आणि हंडे, घंगाळी, पराती, तपेली यांबरोबर पुढील काळात पाणी तापवण्याचे बंबही तेथे घडू लागले. बंबाची रचना लक्षपूर्वक पाहिली तर तो एक तांब्याचा नळ आणि त्याचा सांधाच आहे, असे दिसेल: बाहेर पाण्याचे पिंप, मधोमध वरपर्यंत गेलेली विस्तवाची नळी, आणि जेथे ही नळी पिंपाच्या तळाला व माथ्याला भेटते तेथे एका बाजूला आग व दुसऱ्या बाजूला पाणी. तांबट पत्र्याच्या कडेला दाते पाडी, एकाआड एक दाता वर आणि खाली घेऊन कडा एकमेकींत गुंतवी, ठोकून सपाट करी आणि त्यावर पितळेसारख्या मिश्रधातूची पूड व टाकणखार घालून भट्टीत झाळ देई. जुन्या हंड्याच्या अंगावर जी नागमोडी पिवळसर रेघ दिसते, ती या दात्यांचीच. अशी झाळ पाण्याला आणि विस्तवाला सारखीच दाद देत नाही. तोटी मात्र पुष्कळदा कथिलाच्या मऊ डाखेने बसवलेली असे. म्हणून बंबात पाणी असल्याची खात्री केल्याखेरीज विस्तव घालू नये, हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा हुकूम असे. पाणी आहे तोवर तांबे शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. पाणी नाही म्हटल्यावर डाखेचा सांधा काही मिनिटांत ओघळून जातो.

तांबटाने मग नळ का केले नाहीत? कारण त्याचा प्रत्येक सांधा भट्टीजवळ, हातोडीखाली, एक एक घडवून होत असे. घराच्या भिंतीत पन्नास सांधे करावयाचे तर पन्नास वेळा भट्टी नेणे शक्य नव्हते. आणि दोन नळ्या एकमेकींत इतक्या अचूक बसाव्यात की मधली फट सर्वत्र सारखी राहावी, ही अचूकता हातकामात येत नव्हती. ती कारखान्यातूनच यावयाची होती. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत पत्रा न वळवता धातूच्या पोकळ ठोकळ्यापासूनच नळी ओढून काढण्याची रीत रूढ झाली, आणि त्यामुळे उभा सांधा नाहीसा झाला. उरले फक्त टोकाचे सांधे. पहिल्या महायुद्धानंतर पातळ भिंतीचा तांब्याचा नळ ब्रिटन आणि अमेरिका येथील घरांत शिरू लागला, आणि १९३०च्या दशकात मिशिगनमधील पोर्ट ह्यूरन येथील म्युलर ब्रास कंपनीने व इंग्लंडात लीड्सच्या यॉर्कशर कॉपर वर्क्सने असे जोड बाजारात आणले की ज्यांनी शिशाच्या उस्तादांचे कसब एका पिढीत निरुपयोगी करून टाकले.

या जोडाचे तत्त्व असे. नळाचे टोक जोडाच्या आत सरकते आणि दोहोंमध्ये मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी फट राहते. फट इतकी बारीक असली की वितळलेली डाख केशाकर्षणाने आपण होऊन आत ओढली जाते. खालून लावली तरी वर चढते, कारण तिला गुरुत्वाकर्षणापेक्षा तापलेल्या स्वच्छ तांब्याची ओढ अधिक असते. यॉर्कशरच्या जोडात तर डाखेचे कडे आधीच एका खाचेत भरून ठेवलेले असे. कारागिराने नळ घालावा, ज्योत धरावी, आणि जोडाच्या तोंडाशी रुपेरी कडा उमटली की ज्योत काढून घ्यावी. पुसणे नाही, घडीचे कापड नाही, अर्धवट वितळलेल्या धातूशी झुंज नाही. हाताचे कसब लेथवर गेले.

तरीही हे जोड गळतात, आणि त्यांच्या गळण्याची कारणे आमच्या कल्हईवाल्याला विचारली असती तर त्याने ती तत्काळ सांगितली असती. कल्हईवाला भांडे आधी घासतो, मग तापवतो, मग नवसागराची चिमूट टाकतो, आणि पांढरा धूर निघाला की कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवतो. नवसागराने तांब्यावरचा गंज जातो, कथील तांब्याला धरते, आणि जेथे भांडे मळकट राहिले तेथे कल्हई उडते. नळाच्या सांध्यात नेमके हेच घडते. नळाचे टोक आणि जोडाचे अंतरंग पोलादी काथ्याने घासून चकचकीत केले पाहिजे, त्यावर मलम लावले पाहिजे (आणि या मलमातही बहुधा जस्ताच्या क्लोराइडबरोबर आपला नवसागर असतो), ज्योत डाखेवर न धरता जोडावर धरून तांब्यालाच डाख वितळवू दिली पाहिजे, आणि थंड होईपर्यंत सांध्याला धक्का लागू देता कामा नये. मलम जळून काळे पडले की पुन्हा घासल्याशिवाय कितीही डाख ओतली तरी ती गोळ्या होऊन घरंगळते. नळ कापताना आतल्या कडेला राहिलेली धार काढली नाही, तर पाणी त्या धारेवर भोवरे घेत जाते आणि काही वर्षांनी सांध्याच्या पुढे तांबेच झिजून भोक पडते. दोष मात्र सांध्याच्या माथी येतो.

सर्वांत चिवट शत्रू म्हणजे नळात राहिलेले पाणी. बंबाला जे पाणी वाचवते, तेच येथे घात करते. नळात थोडे जरी पाणी ठिबकत असले तरी ज्योत कितीही धरली तरी तांबे शंभर अंशांशी अडून बसते, आणि डाख वितळण्यास १८३ अंश तरी लागतात. पाण्याची वाफ होऊन ती सांध्यातून सुसाटत निघते आणि आत भरू पाहणारी डाख बाहेर ढकलते. जुन्या इमारतींतल्या तोट्या पूर्ण बंद होत नाहीत, म्हणून पाश्चात्त्य कारागिरांनी यावर एक नामी उपाय काढला: पांढऱ्या पावाचा गर चुरगाळून नळात दाबावयाचा. तो काही मिनिटे पाणी शोषून धरतो, तेवढ्यात सांधा उरकतो, आणि मग पाणी सोडले की पाव विरघळून तोटीवाटे निघून जातो. व्हिट्रुव्हियसच्या राखेला दोन हजार वर्षांनी सापडलेले हे भावंड मला फार आवडते.

ज्योत वापरणे जेथे धोक्याचे, तेथे दाबाचे जोड आले. त्यांत नळावर पितळेचे किंवा तांब्याचे एक बारीक कडे चढवतात आणि चाकीने ते आवळून नळावर चेपतात. हा सांधा पान्याने होतो, पण पान्यानेच बिघडतो. गळती दिसली की आणखी आवळण्याचा मोह कारागिराला आवरत नाही, आणि कडे नळाला इतके चावते की नळच आत दबून सांधा कायमचा निकामी होतो.

डाखेच्या कहाणीत एक विसंगती राहून गेली होती. शिशाचे नळ घातक म्हणून तांबे आणले, आणि ते तांबे जोडायला पन्नास वर्षे निम्म्या शिशाची डाख बिनदिक्कत वापरली. १९८६ मध्ये अमेरिकेने कायद्यात दुरुस्ती करून पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी ०.२ टक्क्यांहून अधिक शिसे असलेली डाख वर्ज्य केली, आणि ब्रिटननेही त्याच सुमारास तसेच केले. तेव्हापासून कथिलात थोडे तांबे किंवा चांदी घालून केलेली डाख प्रचारात आली. ती २२० ते २३० अंशांच्या आसपास वितळते आणि तिला अर्धवट अवस्था जवळजवळ नाहीच. त्यामुळे जुन्या सवयीच्या हातांना ती आडमुठी वाटली, आणि फट किंचित मोठी असली की ती भरून काढण्याची उदारता तिच्यात नव्हती.

आपल्याकडे घरगुती पाण्यासाठी तांब्याचे नळ फारसे रुजले नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ, त्यांच्या आट्यांवर धागा गुंडाळून वर सफेदा फासण्याची रीत, आणि पुढे प्लास्टिकच्या नळांचे चिकटवण्याचे सांधे, यांनी बाजार व्यापला. तांब्याची नळी मात्र शीतकपाटात, वातानुकूलन यंत्रात आणि रुग्णालयांच्या प्राणवायूच्या वाहिन्यांत आपल्या रोजच्या जगण्याभोवती आहेच. तेथे मऊ डाख चालत नाही, झाळच द्यावी लागते, आणि ती देताना आतून नायट्रोजन वायू सोडावा लागतो, म्हणजे तापलेल्या तांब्यावर आतल्या बाजूने काळी खपली धरत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाण्याच्या नळांच्या सांध्यातून अग्नीही गेला. जोडाच्या तोंडात रबराचे कडे बसवलेले, नळ आत सरकवावयाचा आणि विजेच्या चिमट्याने जोड काही सेकंदांत दाबून टाकावयाचा, अशी ही नवी पद्धत आहे. तिच्यात एक नवीच भीती निघाली: मोठ्या इमारतीत शेकडो जोडांपैकी एखादा दाबावयाचा राहून गेला, तर रबराच्या कड्यामुळे तो परीक्षेच्या वेळी पाणी धरतो आणि लोक राहायला आल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रात्री निखळतो. म्हणून काही कारखानदारांनी जोडाची घडण अशी केली की, दाबला नसेल तोवर त्यातून पाणी मुद्दाम बाहेर पडावे. आता पाणी सोडून नळांची तपासणी करणारा माणूस भिंतीकडेने फिरताना कोरडा सांधा पाहून पुढे जातो, आणि ओला दिसला की चिमटा तेथे लावतो.